खंडेनवमीला निसटलेला टेकू

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि ते बरंच आहे. माझ्यासारख्याचं तोंड पाहायची वेळ येते तेव्हा काहीतरी मोठं बिघडलेलं असतं. मी एक जुना टेकू आहे. निवडणुकीनंतर पक्ष एकमेकांना देतात तो नव्हे. मी खराखुरा लाकडाचा आहे, करंगळीएवढा जाड आणि वीतभरही लांब नसलेला. चेलो नावाच्या वाद्याच्या पोटात मी त्रेसष्ट वर्षं उभा होतो.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून, गजाने वाजवतात तो. त्याच्या पोटावर एक लाकडी घोडी असते आणि घोडीवरून चार तारा ताणलेल्या असतात. या तारा पोटाला वरून वीस-पंचवीस किलोच्या वजनाने दाबत असतात. ते पोट आत बसू नये म्हणून आतून मी उभा. शिवाय तारेचा थरथराट पोटाकडून पाठीकडे पोहोचवायचं कामही माझंच. मी नसलो तर चेलो वाजतो, पण पत्र्याच्या डब्यासारखा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळेच झाली. मला कोणी चिकटवलेलं नसतं. खिळा नाही, गोंद नाही. तारांच्या दडपणाखाली मी नुसता उभा राहतो. दडपण आहे तोवर हत्ती आला तरी मी हलत नाही. दडपण गेलं की मी आडवा. तुम्हाला परीक्षेचं दडपण नकोसं होतं, माझा मात्र सगळा संसार त्याच्यावर.

मला घडवलं मुंबईतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने. थंड डोंगरात वाढलेल्या, सरळ रेषांच्या लाकडातून त्याने मला कापलं, दोन्ही टोकं पोटापाठीच्या गोलाईप्रमाणे तासली आणि वाकड्या सळईवर खोचून चेलोच्या फटीतून आत नेलं. त्या पोटावर अशा दोन वळणदार फटी असतात. बाहेरचं जग मी त्यांच्यातूनच पाहिलं. जे दिसलं नाही ते ऐकलं, आणि खरं सांगतो, फारसं काही चुकलं नाही.

माझे पहिले मालक गोव्याचे. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी हा चेलो आपल्या एका शिष्येला देऊन टाकला. ती नाशिकरोडची तृप्ती पगारे. तिचे वडील भिकन पगारे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी कधीतरी आणलेला एक मोडका चेलो होता. तो कोणी हातात धरत नव्हतं, म्हणून हिने धरला. एकोणिसाव्या वर्षी ती शिकायला मुंबईला गेली आणि तेविसाव्या वर्षी एका मोठ्या वाद्यवृंदात तिला खुर्ची मिळाली. शेवटच्या रांगेतली, आतल्या बाजूची.

मित्रांनो, या आतल्या बाजूच्या खुर्चीचा एक नियम असतो. वाद्यवृंदात दोघांमध्ये एक स्टँड आणि एकच वही. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्याने आपला हात थांबवून पान उलटायचं. तृप्तीने वीस वर्षं पानं उलटली. संगीत रंगात आलं की तिला थांबावं लागे. बाहेरची खुर्ची तीनदा रिकामी झाली आणि तीनदा दुसऱ्याला मिळाली. एकदा मुख्य वादक तापाने आजारी पडले, तेव्हा सोळा मात्रांचा एकट्याने वाजवायचा तुकडा तिने वाजवला. सभागृह अगदी चिडीचूप झालं होतं. मी असा काही थरथरलो की आता निसटतो की काय, असं मला वाटलं. टाळ्याही खूप पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या तुकड्याचं कौतुक छापून आलं, आजारी वादकाच्या नावाने. कार्यक्रमाच्या पत्रिकेत तेच नाव होतं ना. तृप्तीने ते कात्रण कापून ठेवलं नाही आणि फाडलंही नाही. मला मात्र फार राग आला होता.

पोटापाण्यासाठी ती दिवसा सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवायची, पुढे ती कामं कीबोर्डने खाल्ली. इकडे नाशिकला तिची आई, भिमाबाई, अंथरुणाला खिळली. तृप्ती परत आली आणि एका शाळेत संगीताची शिक्षिका झाली. आता सगळे तिला मॅडम म्हणू लागले, तर मीही मॅडमच म्हणतो. मॅडम गॅदरिंगची गाणी बसवायच्या, शंभर मुलांना एका सुरात आणायच्या. ते काम हलकं नव्हे. पण मी दोन वर्षं कपाटात उभा होतो, अंधारात, एकाही थरथरीशिवाय. चेलोवर धूळ बसली, एका तारेला गंज चढला.

मग एके दिवशी समूहगान सारखं बेसूर होत होतं, म्हणून मॅडमनी वैतागून चेलो बाहेर काढला आणि मुलांना धरायला एक लांब सूर दिला. अकरा वर्षांची एक मुलगी रांग सोडून आली आणि चेलोच्या पाठीवर तिने सरळ तळहात ठेवला. तिचा हात बरोबर माझ्या तळाशी होता. "मॅडम, इथे हलतंय," ती म्हणाली. तिचं नाव तेजल देवरे. मॅडमनी तिला रांगेत परत पाठवलं आणि शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं.

सहा वर्षं मॅडमनी तिला शिकवलं. कौतुक म्हणून नाही. "पुन्हा" हा शब्द मी त्या सहा वर्षांत जेवढा ऐकला तेवढा कुठलाच ऐकला नसेन. तेजल रडायची, रुसायची, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी हजर असायची. दोन वर्षांपूर्वी मॅडमच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. गज धरवेना, साधं बाटलीचं झाकण उघडेना. त्यांनी चेलो वाजवणं बंद केलं, पण शिकवणं नाही. आता त्या गाऊन दाखवायच्या आणि मुलगी वाजवायची.

यंदा ती संधी आली. मुंबईच्या एका वाद्यवृंदाने चार वर्षांच्या शिक्षणासाठी मुलं निवडायची ठरवलं होतं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं त्यांच्याकडे. चेलोची जागा एकच आणि वयाची अट अठराच्या आत. तेजलला नोव्हेंबरमध्ये अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती. घरी सराव करता यावा म्हणून मॅडमनी दोन महिने आधीच चेलो तेजलच्या घरी दिला. उन्हात ठेवू नको, फॅनखाली ठेवू नको, आडवा ठेवताना कुशीवर ठेव, अशा दहा सूचना दिल्या. मॅडमच्या घरी खंडेनवमीची पूजा नसते. त्यामुळे पूजेच्या दिवशी काय करू नये, ही अकरावी सूचना काही त्यांच्या डोक्यात आली नाही.

तेजलचं घर अंबडला. वडील मनोज देवरे तिथल्या एका कारखान्यात फिटर. सटाण्याकडचे, हाताने पक्के आणि बोलायला कमी. त्यांनी लेकीच्या चेलोला कधी नावं ठेवली नाहीत. उलट त्याला ते मशीनच म्हणायचे, आणि मनोजरावांच्या तोंडी यापेक्षा मानाचा शब्द नव्हता.

अंबडच्या कारखान्यांत खंडेनवमीला मशीनं बंद असतात. आधी ती खोलायची, पुसायची, तेल-ग्रीस द्यायचं, मग झेंडूचा हार घालायचा. त्या सकाळी मनोजराव कंपनीतली पूजा आटोपून हार आणि पेढे घेऊन घरी आले. तेजल निवडीचे कागद छापून आणायला बाहेर गेली होती. चेलो कोपऱ्यात उभा होता, गजाला घासतात ती राळ त्याच्या पोटावर पांढरी बसली होती. परवा पोरीची परीक्षा आणि मशीन असं मळकं? त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, बाह्या सरसावल्या.

मशीन खोलायचं तर आधी ताण काढायचा, हे त्यांना वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं. त्यांनी खुंट्या फिरवल्या. एक तार सैल झाली, दुसरी झाली. मी आतून ओरडत होतो, पण लाकडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? तिसरी सैल झाली. चौथी सुटली तशी घोडी कलंडली आणि त्रेसष्ट वर्षं ज्या जागी उभा होतो तिथून मी कोसळलो. टक्क, एवढाच आवाज झाला.

मनोजरावांनी चेलो हलवून पाहिला. आत मी खुळखुळलो. त्यांनी चेलो उलटा करून मला फटीतून बाहेर काढलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि त्यांना कारागिराचीच कीव आली. एवढं महागाचं वाद्य आणि आतला तुकडा साधा चिकटवलेलासुद्धा नाही! त्यांनी कपाटातून दोन ट्यूबचा गोंद काढला, लोखंडाला लोखंड धरतो तो. पाच मिनिटांत त्याचा दगड होतो. मित्रांनो, मी कसरीला भ्यालो नाही, पण त्या वासाने माझी गाळण उडाली. एकदा मी पोटापाठीला चिकटलो असतो, तर मला काढताना चेलोचं पोटच फाटलं असतं.

त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना गोंद लावला आणि लांब चिमट्यात धरून मला आत घातलं. मी काही केल्या उभा राहीना. एकदा पडलो, दोनदा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तो पाठीच्या लाकडावर गोंदाच्या अंगानेच. तेवढ्यात दार वाजलं आणि तेजल आत आली. तिने वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या चार तारा पाहिल्या, पुसून चकचकीत केलेली घोडी पाहिली, गोंदाच्या ट्यूब पाहिल्या. तिने चेलो उचलला, उलटा केला आणि गदागदा हलवला. मी चिकटू लागलो होतो. तिने पाठीवर थाप मारली, आणखी एक मारली. तिसऱ्या थापेला मी सुटलो आणि फटीतून जमिनीवर पडलो. माझ्या दोन्ही टोकांवर गोंद तोवर घट्ट झाला होता.

आतून आजी आल्या. मनोजरावांच्या आई, मालनबाई. त्यांनी नातीकडे पाहिलं.

"कसाले रडस, पोरी?"

तेजलने सांगितलं. मॅडमना हे कळलं तर त्या चेलो घेऊन जातील आणि परवाची निवड गेली, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. त्यांना काही सांगायचं नाही. मोबाइलवर बघून बघून आपणच बसवू, दीड दिवस आहे. खरं सांगू? मलाही तेच बरं वाटलं. मॅडमनी मला या अवस्थेत पाहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मनोजराव खाली मान घालून बसले होते. ते उठले आणि चपला शोधू लागले.

"मशीन बिघडवलं आणि रजिस्टरला लिहिलं नाय, तर पुढच्या शिफ्टवाल्याचा हात जातो," ते म्हणाले. "चूक माझी हाय. मॅडमला मीच सांगतो. चल."

नाशिकरोड येईपर्यंत तेजल रिक्षात वडिलांकडे पाठ करून, चेलोला धरून बसली. मॅडमनी दार उघडलं. मनोजरावांनी उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं, ताण काढल्यापासून गोंदापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. मॅडमनी मला तळहातावर घेतलं. आता या बाई काय बोलतात, याकडे आम्ही तिघंही कान लावून होतो.

"चारही तारा एकदम सोडल्या?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. मशीन उघडताना आधी ताण काढतो आम्ही."

"मशीनच्या बाबतीत बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "आत या."

त्यांनी मुंबईला कारागिराकडे फोन लावला. तो दसऱ्यासाठी गावी गेलेला, सोमवारशिवाय येणार नव्हता. नाशिकमध्ये असं काम करणारं कोणी नव्हतं. मॅडम स्वतः हे काम शिकलेल्या होत्या, त्यांच्या गुरूंची वाकडी सळईसुद्धा खणात होती. पण त्यांच्या अंगठ्याला ती पेलवत नव्हती. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग मनोजरावांच्या हाताकडे पाहिलं. तेलाने काळे पडलेले, नखं बारीक कापलेले हात.

"तुम्ही कितीपर्यंत मोजून काम करता?"

"दोन शतांश मिलिमीटर. पण लोखंडात, मॅडम."

"आपल्याला तेवढं चालेल," मॅडम म्हणाल्या.

मग शाळा सुरू झाली. तेजलला मॅडमनी आतल्या खोलीत बसवलं. हातात चेलो नसला तरी सगळा तुकडा मनात वाजवायचा, बोटांनी छडीवर, तोंडाने सूर म्हणत. तिचा आवाज दाराआडून येत राहिला, मध्येच रडवेला व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा. इकडे मनोजरावांनी माझ्या टोकांवरचा गोंद तासला. गोंद लाकडात मुरला होता. तो जाईपर्यंत मी दोन्ही टोकांनी मिळून दोन मिलिमीटर आखूड झालो. तुम्ही म्हणाल, दोन मिलिमीटर ते काय? मित्रांनो, आमच्या धंद्यात तेवढ्यात आख्खा जन्म वाया जातो.

तरी त्यांनी मला बसवून पाहिलं. चेलो जमिनीवर टेकवायची सळई जिथे बसते, तिथे त्याच्या बुडाला एक भोक असतं. मॅडम जमिनीवर पालथ्या झोपल्या आणि एक डोळा मिटून त्या भोकातून आत बघू लागल्या. मनोजराव फटीतून सळई घालून मला उभा करू लागले. बाईंनी सांगायचं, यांनी करायचं. डावीकडे, थोडं मागे, नको, पुन्हा. मनोजराव जोर लावत आणि मी पडत होतो. शेवटी मॅडम म्हणाल्या, निजलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी काढताना लावाल तेवढाच जोर लावा. तेव्हा कुठे मी उभा राहिलो. पण जागा माझी नव्हती. आखूड झालो म्हणून मला कडेला सरकावं लागलं होतं. तारा चढवल्या, तेजलने गज ओढला आणि चेलो घसा बसलेल्या माणसासारखा घोगरला. वरचे सूर तर निघेचनात. मी जीव तोडून उभा होतो हो, पण माझ्याकडून होईना. तेजलने गज मांडीवर ठेवला. दिवस मावळत आला होता आणि आता एकच दिवस हातात होता.

"नवा करायचा," मॅडम म्हणाल्या. लाकूड सरळ रेषांचं, हलकं आणि पुष्कळ वर्षं वाळलेलं हवं होतं. असं लाकूड नाशिकला कुठून आणायचं? मनोजरावांनी मला पुन्हा बाहेर काढलं आणि ते थोडा वेळ मला बोटांत फिरवत राहिले, माझ्या अंगावरच्या रेषा मोजल्यासारख्या. मग ते सावकाश म्हणाले की असं लाकूड त्यांच्या घरी आहे. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीत परदेशातून मोठं मशीन आलं, तेव्हा त्याच्या पेटीच्या फळ्या कामगारांनी वाटून घेतल्या होत्या. एका फळीची त्यांनी स्वयंपाकघरात मांडणी केली होती.

दसऱ्याच्या सकाळी मॅडम मला, चेलोला आणि सळईला घेऊन अंबडला आल्या. मांडणीवर हळद, तिखट आणि डाळींचे डबे होते. मॅडमनी खालून फळीवर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली आणि पसंतीने मान डोलावली. आता मालनबाईंची मांडणी मोडायची तर त्यांना विचारायला हवं. त्या सोनं म्हणून द्यायची आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या.

"पोरना नशीबपेक्षा फळी मोठी शे का?" त्या म्हणाल्या. "लई जा. डबा खाले ठेवसू मी."

आता मनातलं बोलतो. तिखटाच्या डब्याखालची फळी माझ्या जागी उभी राहणार, याचा मला भयंकर संताप आला होता. मी कारागिराच्या हातचा, वीस वर्षं वाद्यवृंदात उभा राहिलेला! पण फळी कापली आणि तिच्या आतल्या रेषा दिसल्या, तेव्हा मी गप्प झालो. ती माझ्याच मुलखातली होती. ती एका पेटीत घुसून आली आणि मी एका वाद्यात, एवढाच फरक.

फळीत गाठी होत्या, त्या टाळून चारच टेकू निघण्यासारखे होते. पहिला मनोजरावांनी व्हर्नियर ही बारीक मोजपट्टी लावून अगदी मापाने केला. तो बसला, पण इतका ताठ बसला की आवाज कोंडला. मॅडमनी सांगितलं, माप तुमचं बरोबर आहे, आता कानाने तासा. दुसरा तासताना चिरला. तिसरा उभा राहिला, तेजलने वाजवला, मॅडमनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, नाही. मनोजरावांच्या कपाळावरून घाम गळत होता. गल्लीत लोक सोनं वाटत फिरत होते, या घराचं दार लोटलेलं होतं. चौथा करताना त्यांनी व्हर्नियर बाजूला ठेवला. थोडं तासायचं, आत बसवायचं, मॅडम बुडाच्या भोकातून बघणार, तेजल एक सूर ओढणार, मॅडम काही बोलणार नाहीत, पुन्हा बाहेर. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तेजलने वरचा सूर ओढला आणि मध्येच थांबली नाही. ओढतच राहिली. मालनबाई हातातलं पान तसंच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हात लावू नका आता," मॅडम म्हणाल्या.

नवा टेकू मुरायला आठवडा तरी लागतो. त्याला मिळाली एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे मनोजरावांच्या मित्राच्या व्हॅनमधून सगळे मुंबईला निघाले. मॅडमनी मला चष्म्याच्या डबीत घालून पर्समध्ये ठेवलं होतं. का, ते त्यांनाच ठाऊक. कसारा घाटात प्रत्येक गचक्याला मनोजराव मागे वळून चेलोकडे बघत होते आणि डबीत मी स्वतःच पडल्यासारखा दचकत होतो. आत तो नवा पोरगा उभा आहे की आडवा झाला, हे कोणालाच दिसत नव्हतं.

निवडीच्या ठिकाणी परीक्षक पडद्यामागे बसतात. कोणाचं नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. तेजलचा नंबर चौथा होता. ती आत गेली, दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर मॅडम आणि मनोजराव. मॅडमनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

आणि मग तो वाजू लागला. मित्रांनो, त्रेसष्ट वर्षं मी त्याच्या पोटात होतो. प्रत्येक सूर माझ्या अंगातून गेला, पण बाहेर तो कसा ऐकू येतो हे मला कधीच माहीत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, बंद दाराआडून, चष्म्याच्या डबीतून. माझ्याशिवाय तो इतका छान वाजत होता! मला वाईट वाटलं आणि फार आनंद झाला, दोन्ही एकाच वेळी. वरच्या सुरांची जागा आली. टेकू खोटा असेल तर तिथेच उघडा पडतो. सूर वर गेला, टिकला आणि अर्ध्यावरच आतून कोणीतरी थांबायला सांगितलं.

मनोजरावांचा चेहरा उतरला. ते हाताच्या नखांकडे बघत राहिले. मॅडमनी त्यांना समजावलं की पुरेसं ऐकलं की थांबवतात, त्याचा अर्थ कसाही होऊ शकतो. हे धीराचं बोलणं होतं की नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार वाजता फळ्यावर एक कागद लागला. चेलोसमोर एकच आकडा होता आणि तो चार होता. तेजलने तो तीनदा वाचला. मग ती वडिलांकडे गेली आणि खंडेनवमीपासून पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात पडली. मनोजराव भर गर्दीत रडले आणि रुमाल सापडत नव्हता म्हणून बाहीला डोळे पुसले. परीक्षकांपैकी एक बाहेर आले, त्यांनी चेलो हातात घेऊन पाहिला आणि आवाज कोणी लावून दिला म्हणून विचारलं. मॅडमनी मनोजरावांना पुढे केलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि लिहून घ्या म्हणाल्या. परीक्षकांनी लिहून घेतलं.

चेलो मुंबईलाच राहिला, तेजलजवळ. मॅडमकडे आता फक्त मी आहे. दर मंगळवारी चार नवी मुलं येतात, शाळेने दिलेल्या छोट्या व्हायोलिनवर कर्कश ओरखडे काढतात आणि मॅडम "पुन्हा" म्हणतात. कधी कधी त्या मला डबीतून काढून मुलांच्या हातावर ठेवतात. हा कुठे असतो आणि कशाच्या बळावर उभा असतो, ते सांगतात. मुलं मला हुंगतात. मला अजून गोंदाचा वास येतो म्हणे.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी गोष्ट सुटी दिसली की लगेच चिकटवायला धावू नका, तिला ओळखणाऱ्याला आधी विचारा. आणि विचारायचं राहून गेलं, हातून बिघडलंच, तर झाकून ठेवू नका. तो तुकडा तळहातावर घेऊन ज्याचा आहे त्याच्या दारात जा. मनोजराव त्या दुपारी चपला घालून निघाले नसते, तर मॅडमना काही कळलं नसतं, माझं काय झालं तेही कोणाला कळलं नसतं, आणि तेजल आज अंबडलाच असती.